खोल काळोखातील मुशी

(समुद्राच्या वरच्या थरातील जीवन आपल्या थोडेफार ओळखीचे असते. परंतु जेथे सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत, अशा खोल पाण्यातही मुशी राहतात. त्या तेथे काय खातात, अन्न कसे मिळवतात आणि त्यांच्या अन्नाचा आपल्या पावसाशी काय संबंध आहे, हे ओमानच्या समुद्राच्या आधारे या पाठात सांगितले आहे.)

मित्रांनो, मालवण, वेंगुर्ले येथील किंवा मुंबईतील मासळीबाजारात तुम्ही सकाळच्या वेळी गेलात, तर बांगडे, सुरमई, पापलेट यांच्या शेजारी राखाडी रंगाचा, खरखरीत कातडीचा एक मासा मांडलेला दिसेल. पुस्तकात आपण त्याला शार्क म्हणतो. आपले कोळी बांधव त्याला मुशी म्हणतात. लहान असेल तर मोरी. मोरीचे तिखट कालवण कोकणात मोठ्या आवडीने खाल्ले जाते.

मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून वायव्येकडे सुमारे दीड हजार किलोमीटर गेले, की ओमान हा देश लागतो. मस्कत ही त्याची राजधानी. मस्कतला लागूनच मत्रह नावाचे जुने बंदर आहे. तेथील मासळीबाजारातही मुशी दिसते. तेथील लोक तिला 'जरजूर' म्हणतात. मुशीचे मांस मिठात मुरवून आणि उन्हात वाळवून ते 'अवाल' तयार करतात व भाताबरोबर खातात. आपल्याकडे पावसाळ्यासाठी सुकी मासळी साठवतात, तसाच हा प्रकार. समुद्र एक, मासाही एक. नावे तेवढी निराळी.

बाजारात येणाऱ्या या मुशी बहुतेक वरच्या, उजेडाच्या पाण्यातील असतात. परंतु मुशींच्या शेकडो जाती आहेत, आणि त्यांतील कितीतरी जाती दोनशे मीटरांपेक्षा खोल पाण्यात आयुष्य काढतात. तेथे दिवस उजाडत नाही. तेथे कोणतीही वनस्पती वाढत नाही. मग या मुशी खातात तरी काय? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधता शोधता आपण थेट आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसापर्यंत जाऊन पोहोचणार आहोत.

प्रथम आपण मनानेच ओमानच्या समुद्रात उतरू या. ओमानच्या पलीकडे जे इराणचे आखात आहे, ते उथळ आहे. त्याची सरासरी खोली ५० मीटरही भरत नाही. ओमानचे आखात मात्र अगदी वेगळे. मस्कतच्या किनाऱ्यापासून थोडे दूर गेले, की तळ झपाट्याने खाली जातो आणि पूर्वेकडे, अरबी समुद्राच्या तोंडाशी, तो ३,००० मीटरांहूनही खोल होतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्या पाण्यात कळसूबाईचा डोंगर ठेवला, तर त्याचे टोकही वर दिसणार नाही.

पाण्यात जसजसे खाली जावे, तसतसा उजेड कमी होत जातो. प्रथम तांबडा रंग नाहीसा होतो, मग पिवळा. शेवटी फक्त गर्द निळी छाया उरते. सुमारे २०० मीटरांखाली वनस्पतींना अन्न तयार करता येईल एवढाही प्रकाश नसतो. १,००० मीटरांखाली तर सूर्यप्रकाश मुळीच पोहोचत नाही. शिवाय दर १० मीटरांना पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे १,००० मीटर खोलीवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे शंभर पट होतो.

जमिनीवर काय, समुद्रात काय, अन्नाची सुरुवात हिरव्या वनस्पतींपासून होते. समुद्रात हे काम सूक्ष्म तरंगत्या वनस्पती करतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. त्या प्रकाशाच्या थरातच वाढू शकतात. तेव्हा खोल पाण्यातील जवळजवळ प्रत्येक घास वरून खाली आलेला असतो. वरचे शेत पिकले, तरच खालच्यांच्या तोंडी दोन घास पडतात.

आता हे वरचे शेत कसे पिकते, ते पाहू. जून महिना आला, की आपण आकाशाकडे डोळे लावून बसतो. नैर्ऋत्येकडून वारे येतात, सह्याद्रीला अडतात आणि कोकणात धो धो पाऊस कोसळतो. हेच वारे आपल्याकडे येण्यापूर्वी सोमालिया आणि ओमान यांच्या किनाऱ्याजवळून वाहत येतात. ओमानचा बराचसा भाग वाळवंटी आहे. तरीही दक्षिणेकडील धोफार प्रांतात, सलालाह शहराच्या आसपास, या दिवसांत धुके दाटते, रिमझिम पाऊस पडतो आणि डोंगर हिरवेगार होतात. या ऋतूला तेथील लोक 'खरीफ' म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला खरीप हा शब्दही याच अरबी शब्दावरून आला आहे.

डोंगर हिरवे होतात, ते डोळ्यांना दिसते. समुद्रही त्याच वेळी पिकत असतो, पण ते चटकन ध्यानात येत नाही. तुम्ही दुधाच्या पातेल्यावर फुंकर मारून पाहा. साय एका बाजूला सरते आणि खालचे दूध उघडे पडते. ओमानच्या किनाऱ्यावर साधारण असेच घडते. किनाऱ्याला समांतर वाहणारा जोरदार वारा आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे, या दोहोंच्या परिणामाने पृष्ठभागावरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असे क्षार भरपूर असतात. जणू समुद्राच्या शेताला खतच मिळते. वनस्पतिप्लवक बेसुमार वाढतात. त्यांच्यावर प्राणिप्लवक, प्राणिप्लवकांवर तारली मासे आणि तारल्यांवर सुरमईसारखे मोठे मासे पोसले जातात.

हे अन्न खाली काळोखात मुख्यतः तीन वाटांनी जाते.

पहिली वाट म्हणजे सतत पडणारा चुरा. मेलेले प्लवक, प्राण्यांची विष्ठा, शरीरांचे बारीक तुकडे हे सारे एकमेकांना चिकटून पांढऱ्या कणांच्या रूपाने हळूहळू खाली जात असते. पाणबुडीच्या दिव्यात ते हिमवर्षावासारखे दिसते. म्हणून त्याला 'सागरी हिम' असे नाव पडले आहे. मुशी हा चुरा खात नाहीत. तो खातात तळावरचे किडे, खेकडे, कोळंबी. आणि मुशी त्यांना खातात.

दुसरी वाट जिवंत आहे. ओमानच्या आखातात आणि उत्तर अरबी समुद्रात कंदील मासे फार मोठ्या संख्येने राहतात. हा मासा आपल्या बोटापेक्षाही लहान असतो. त्याच्या पोटावर आणि बाजूंवर प्रकाश देणारे बारीक ठिपके असतात. दिवसा हे मासे दोनशे-तीनशे मीटर खोल पाण्यात लपून राहतात. सूर्य मावळला, की त्यांचे थवेच्या थवे वर येतात, रात्रभर प्राणिप्लवक खातात आणि पहाटेपूर्वी पुन्हा खाली उतरतात. 'डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन' या नॉर्वेच्या संशोधन जहाजाने १९७५-७६ आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये या समुद्राची पाहणी केली. तेव्हा या माशांच्या साठ्याचे अंदाज कोटी टनांच्या हिशेबात निघाले. रोज रात्री वर जेवायला जाणारे हे मासे रोज सकाळी खालच्या शिकाऱ्यांसाठी पोटातून शिदोरीच घेऊन येतात म्हणा ना!

तिसरी वाट क्वचित उघडते. एखादा देवमासा किंवा मोठा मासा मरतो आणि त्याचे शरीर तळाशी जाऊन पडते. खोल पाण्यात पुष्कळ दिवस भुकेल्या राहिलेल्या प्राण्यांना ही पंगतच असते. वास येताच ते दुरून गोळा होतात.

येथवर वाचून तुम्हांला वाटेल, की ओमानच्या खोल समुद्रात सारे आबादीआबाद असेल. तसे मात्र नाही. वरून इतके अन्न खाली येते, की ते कुजवणारे जिवाणूही अफाट वाढतात. कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू संपतो. त्यामुळे अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या दरम्यान अतिशय कमी प्राणवायूचा थर तयार झालेला आहे. जगातील अशा मोठ्या थरांपैकी तो एक आहे. अन्न आहे, पण श्वास घेणे कठीण, अशी ही जागा आहे.

या गोष्टीचा शोध कसा लागला, ती हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९३३ साली 'मबाहिस' नावाचे इजिप्तचे एक लहानसे जहाज अलेक्झांड्रिया बंदरातून निघाले. या मोहिमेचे प्रमुख होते सिमूर सेवेल. त्यापूर्वी ते भारताच्या प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. ही मोहीम १९३४ पर्यंत अरबी समुद्रात चालली. ओमानजवळ काही खोलींवर तळाशी जाळे ओढले, तर ते जवळजवळ रिकामेच वर आले. नुसता चिखल, आणि त्याला सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी! प्राणवायू नसलेल्या चिखलात तयार होणाऱ्या वायूचा तो वास होता.

याच मोहिमेत ओमानच्या आखातातून मिळालेल्या माशांत एक लहानशी मुशी होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यशास्त्रज्ञ जे. आर. नॉर्मन यांनी १९३९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्या नावात ओमानची खूण ठेवली : 'ओमानेन्सिस', म्हणजे ओमानची. पुढे १९७१ मध्ये दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिला 'इयागो' हे कुलनाम दिले. इयागो हा शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातील खलनायक. देवलांचे 'झुंझारराव' हे नाटक 'ऑथेल्लो'वरूनच रचलेले आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. बिचाऱ्या मुशीने कोणाचे काही वाकडे केले नव्हते. तिचे वर्गीकरण करताना शास्त्रज्ञांच्या डोक्याला फार ताप झाला, म्हणून हे गमतीदार नाव!

ही इयागो मुशी दिसायला साधीच आहे. मादी जास्तीत जास्त ५८ सेंटिमीटरांच्या आसपास वाढते. नर तिच्याहून बराच लहान. म्हणजे ती तुमच्या हातात सहज मावेल. तिचे डोळे मात्र शरीराच्या मानाने मोठे आहेत. त्यांमुळे अंधूक उजेडातही तिला हालचाल टिपता येते. तिचे कल्लेही मोठे आहेत. कल्ले जितके मोठे, तितका पाण्यातील उरलासुरला प्राणवायू अधिक शोषता येतो. जेथे इतर मोठे शिकारी मासे गुदमरतात, त्या थराच्या आसपास ही मुशी वावरू शकते, ती बहुधा यामुळेच, असे शास्त्रज्ञांना वाटते. ओमान, तांबडा समुद्र, पाकिस्तान आणि भारताचा दक्षिण किनारा एवढ्या भागात ती आढळते.

ती काय खाते, हे कोणी प्रत्यक्ष बसून पाहिलेले नाही. मग ते कळले कसे? मुशी पकडली, की शास्त्रज्ञ तिचे जठर उघडतात आणि आत सापडलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद करतात. हे काम फार चिकाटीचे आहे. पुष्कळदा जठर रिकामे निघते. काही वेळा जाळे वर ओढताना मुशीने खाल्लेले अन्न बाहेर टाकलेले असते. उरलेले अन्न अर्धवट पचलेले असते. परंतु काही अवयव सहजासहजी पचत नाहीत. माकूल खाल्ले असेल, तर त्याची पोपटासारखी कठीण चोच शिल्लक राहते. मासा खाल्ला असेल, तर त्याच्या कानातील खड्यासारखे हाड शिल्लक राहते. त्या चोचीवरून आणि खड्यावरून जात ओळखता येते.

आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तीन जातींच्या खोल पाण्यातील मुशींच्या आहाराविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्या तिघींपैकी एक ही ओमानची इयागोच होती. पुढे १९९४ मध्ये तांबड्या समुद्राच्या उत्तर भागातील इयागोच्या आहाराचाही अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांतून जे दिसते, ते थोडक्यात असे : इयागोचा मुख्य आहार लहान मासे आणि माकूल यांचा असतो. जोडीला कोळंबीसारखे कवचधारी प्राणीही सापडतात. म्हणजे तिची ताटातील निवड फार चोखंदळ नाही. जे समोर येईल आणि तोंडात मावेल, ते ती घेते. काळोखात चोखंदळपणा परवडत नाही.

जगातील इतर खोल समुद्रांतील मुशींनी अन्न मिळवण्याच्या आणखी नाना तऱ्हा शोधल्या आहेत. त्यांतील काही पाहू.

उष्ण समुद्रांत 'कुकीकटर' नावाची हातभर लांबीची मुशी आहे. तिच्या पोटातून मंद हिरवट प्रकाश येतो. ती दिवसा खोल पाण्यात असते आणि रात्री वर येते. कुपा मासा, डॉल्फिन, देवमासा अशा आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्राण्यांना ती ओठांनी घट्ट चिकटते, खालचे करवतीसारखे दात रुतवते आणि अंग पिळून मांसाचा एक गोल तुकडा कापून घेते. मोठा प्राणी मरत नाही. त्याच्या अंगावर फक्त गोल वण राहतो. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांच्या रबरी आवरणांनाही तिने असे चावे घेतले आहेत! तिचे खालचे दात एकत्रच पडतात आणि ती ते गिळून टाकते. दातांतील चुना वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा. घरातील काटकसर म्हणतात ती हीच.

जपानजवळ सापडलेल्या आणि १८९८ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या 'गॉब्लिन' मुशीचे अंग मऊ व ढिले असते. पाठलाग करणे तिला जमत नाही. ती सावकाश जवळ जाते आणि एकाएकी आपला जबडाच पुढे फेकते. गलोलीतून खडा सुटावा, तसा तो सुटतो आणि बेसावध मासा पकडला जातो.

१९७६ मध्ये हवाई बेटांजवळ अमेरिकन नौदलाच्या एका जहाजाच्या पाण्यात सोडलेल्या नांगरात साडेचार मीटर लांबीचा एक अनोळखी प्राणी अडकला. ती 'मेगामाउथ', म्हणजे मोठ्या तोंडाची मुशी होती. एवढा मोठा मासा तोपर्यंत माणसाला ठाऊकच नव्हता. ती तोंड उघडे ठेवून पोहते आणि पाण्यातील बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खाते. हे जीव रात्री वर येतात, तशी तीही वर येते. ते खाली गेले, की तीही खाली जाते. आपली गुरे चरत पुढे सरकतात, तशीच ही तिची रोजची चाल.

सहा कल्ल्यांची मोठी मुशी मात्र तिसऱ्या वाटेवर लक्ष ठेवून असते. ती मासे, माकूल खातेच. पण तळाशी पडलेल्या मृत देवमाशाच्या पंगतीलाही हजर राहते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. खोल पाण्यातील मुशीला पुढचे जेवण कधी मिळेल, याची खात्री नसते. म्हणून तिचे सारे शरीर बचतीसाठी घडलेले आहे. तिच्या अंगात हवेची पिशवी नसते. तिचे यकृत मोठे असते आणि त्यात हलके तेल भरलेले असते. त्यामुळे श्रम न करता ती पाण्यात स्थिर राहू शकते. तिचे आतडे आखूड असते. पण त्याच्या आत गोल जिन्यासारखी वळणे असतात. अन्न त्या वळणांवरून सावकाश उतरते आणि त्यातील कस पुरेपूर शोषला जातो. ती सावकाश पोहते, सावकाश वाढते आणि थोडीच पिल्ले देते.

तरीही या काटकसरीला मर्यादा आहे. सुमारे ३,००० मीटरांखाली मासे सापडतात, पण मुशी क्वचितच सापडतात. २००६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून हे दाखवून दिले. तेलाने भरलेले यकृत बाळगायला पुष्कळ अन्न लागते आणि इतक्या खोलवर तेवढे अन्न पोहोचतच नाही, असे कारण त्यांनी सुचवले. म्हणजे समुद्र कितीही खोल असला, तरी मुशींचे घर त्याच्या वरच्या काही मजल्यांपुरतेच आहे. माणसाची जाळी आणि गळ आज त्या मजल्यांवर पोहोचले आहेत.

मुशीच्या यकृतातील तेलात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो. सौंदर्यप्रसाधने आणि औषधे यांत तो वापरला जातो. या तेलासाठी मालदीव बेटांजवळ १९८० साली 'गल्पर' या खोल पाण्यातील मुशींची मासेमारी सुरू झाली. दोन-तीन वर्षे मासे भरपूर मिळाले. मग मासेमारी घसरत गेली आणि १९९० नंतर ती बंद पडल्यासारखीच झाली. असे का व्हावे? या मुशींना वयात यायला पुष्कळ वर्षे लागतात आणि काही जातींची मादी एका वेळी एकच पिल्लू देते. एका हंगामात उपसलेला साठा भरून यायला मग अनेक दशके लागतात. विहिरीला जेवढा झरा, तेवढाच उपसा करावा, हे आपले शेतकरी जाणतात. झरा अगदी बारीक असेल, तर किती जपून पाणी काढावे लागेल, याचा विचार करा.

अरबी समुद्र आणि त्याला लागून असलेल्या समुद्रांतील मुशी, पाकट आणि त्यांच्या भाऊबंदांच्या १५३ जातींची तपासणी तज्ज्ञांनी केली. तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७८ जाती, म्हणजे निम्म्याहून अधिक, धोक्यात आहेत.

दुसरे संकट अधिक खोल आहे. ओमानमधील सुलतान काबूस विद्यापीठ आणि इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी ओमानच्या आखातात पाण्याखाली फिरणारी यंत्रे सोडली. ती १,००० मीटरांपर्यंत बुड्या मारून प्राणवायू मोजत होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की प्राणवायू जवळजवळ संपलेला पाण्याचा पट्टा महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही मोठा आहे आणि पूर्वीच्या मानाने स्थिती बिघडली आहे. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो. पृथ्वीचे तापमान वाढत चालले आहे, त्याचा भार असा समुद्राच्या श्वासावरही पडतो. मोठ्या कल्ल्यांची इयागो कमी प्राणवायूत राहू शकते, हे खरे. पण अगदी कमी प्राणवायू आणि मुळीच प्राणवायू नसणे, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कोणत्याही कल्ल्यांनी भरून निघत नाही.

मित्रांनो, मुशीचे नाव काढताच आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटातील नरभक्षक राक्षस येतो. ओमानच्या खोल समुद्रातील ही हातभर लांबीची मुशी आठवा. एक कंदील मासा, एखादे माकूल, चार कोळंब्या एवढेच तिचे जेवण. तेही रोज मिळेलच असे नाही. माणसाच्या वाटेला ती कधी जात नाही. माणूस मात्र तिच्या वाटेला गेला आहे.

येत्या जूनमध्ये पहिला पाऊस कौलांवर वाजू लागेल, तेव्हा तुम्ही खिडकीत उभे राहाल. ज्या वाऱ्याने ते ढग आणले, तोच वारा त्या वेळी ओमानच्या किनाऱ्यावर समुद्राची साय बाजूला सारत असेल. तळचे पाणी वर येऊ लागेल. काही आठवड्यांनी वरचे शेत पिकेल, कंदील मासे जेवून खाली उतरतील, आणि काळोखात मोठे डोळे उघडे ठेवून थांबलेल्या एका मुशीला तिचा घास मिळेल.

शब्दार्थ

प्लवक – पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. कल्ले – माशांचे श्वसनाचे अवयव. माकूल – दहा बाहूंचा, मऊ शरीराचा समुद्री प्राणी. कुपा – ट्यूना मासा. चोखंदळ – निवडक. गलोल – खडा मारण्याचे साधन. पाकट – चपट्या शरीराचा, मुशीच्या गटातील मासा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओमानमध्ये वाळवलेल्या मुशीला काय म्हणतात?
(आ) 'मबाहिस' जहाजाच्या मोहिमेचे प्रमुख कोण होते?
(इ) इयागो मुशीचा मुख्य आहार कोणता?

प्र. २. कारणे द्या.
(अ) खोल पाण्यातील जवळजवळ प्रत्येक घास वरून आलेला असतो.
(आ) ३,००० मीटरांखाली मुशी क्वचितच सापडतात.
(इ) मालदीवजवळील गल्पर मुशींची मासेमारी थोड्या वर्षांत घसरली.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वरच्या थरातील अन्न खोल पाण्यात कोणत्या तीन वाटांनी पोहोचते?
(आ) खोल पाण्यातील मुशीचे शरीर बचतीसाठी घडलेले आहे, हे उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

प्र. ४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळे लावून बसणे, आबादीआबाद असणे, वाटेला जाणे.

उपक्रम : तुमच्या गावातील किंवा शहरातील मासळीबाजाराला भेट द्या. तेथे येणाऱ्या मुशींची स्थानिक नावे, त्या कोणत्या महिन्यांत येतात आणि पूर्वीच्या मानाने त्या कमी झाल्या आहेत का, हे विक्रेत्या मावशींना विचारून वहीत लिहा.